एकत्र वाजवणाऱ्यांना काय म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवेदन लिहिणारे, लग्नपत्रिका छापणारे, अनुवाद करणारे, ढोल पथकातली मुलं-मुली आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळं यांच्याकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून ते एका जागी आणले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात, तिथे क्रमांक दिला आहे.

माझं मत आधीच सांगते. मराठीत अशा सगळ्या गटांना पुरेल असा एक शब्द नाही, आणि तो शोधायची गरजही नाही. वाजवणारे कोण आहेत, चालत वाजवतात की बसून, हौसेनं की पोटासाठी, हे आपले शब्द सांगून जातात. शब्द बदलला की ही माहिती हरवते.

१. वाद्यवृंद म्हणजे नक्की काय? किती माणसं जमली की वाद्यवृंद म्हणायचं?

निरनिराळी वाद्यं वाजवणारे बरेच जण एकच बांधलेली रचना वाजवायला एकत्र बसले, की तो वाद्यवृंद. आकडा कुठेही ठरलेला नाही. मी स्वतः एक गोष्ट तपासते: कोणी कधी सुरू करायचं, कोणी कधी थांबायचं, हे आधी ठरलेलं आहे का? असेल तर दहा जणांचाही वाद्यवृंद होतो. नसेल तर पन्नास जण असूनही ती नुसती वादकांची गर्दी.

हा शब्द घरोघरी पोचवला तो रेडिओनं. दिल्लीत १९५२ साली ‘आकाशवाणी वाद्यवृंद’ सुरू झाला. पंडित रविशंकर आणि कर्नाटक संगीताच्या बाजूनं टी. के. जयराम अय्यर यांनी त्याचं संचालन केलं. त्याआधीचं मोठं उदाहरण मध्य प्रदेशातल्या मैहरचं. १९१८च्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी वाद्यं शिकवली आणि त्यांचा वृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून केलेलं ‘नलतरंग’ हे वाद्य त्याच वृंदातलं. नाव मात्र पडलं ‘मैहर बँड’, ते आजही तसंच आहे आणि ते बदलून ‘मैहर वाद्यवृंद’ करू नये.

२. वाद्यवृंद आणि वृंदवादन यांत फरक आहे का?

आहे. वाद्यवृंद म्हणजे माणसं, वृंदवादन म्हणजे त्यांचं वाजवणं. ‘आमच्या वाद्यवृंदानं वृंदवादन सादर केलं’ हे बरोबर. ‘आमचं वृंदवादन पुण्याहून येणार आहे’ हे चूक. गाण्याच्या बाजूला वृंदगान आणि समूहगान हे शब्द कृतीसाठीच आहेत. गाणाऱ्या गटाला आपण गायकवृंद म्हणतो.

३. याला जुना शब्द होता का, की वाद्यवृंद हा ‘ऑर्केस्ट्रा’वरून नव्यानं घडवला?

जुना शब्द होता, एक नव्हे दोन. भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाला साथ करणाऱ्या वादकसमूहाला ‘कुतप’ म्हटलं आहे. गायक, वीणावादक आणि बासरीवादक मिळून तत कुतप. मृदंग, पणव, दर्दुर अशी चामड्यानं मढवलेली वाद्यं वाजवणारे मिळून अवनद्ध कुतप. हा शब्द आज कोणी वापरत नाही. नाट्यशास्त्र शिकवणारे तेवढे घेतात.

दुसरा शब्द ‘वृंद’, आणि त्याचा धागा थेट महाराष्ट्राच्या मातीत निघतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात वृंदांचे चक्क दर्जे लावले आहेत. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ साथीचे गायक, १२ गायिका, ४ बासरीवाले आणि ४ मृदंगवाले, म्हणजे एकूण ३२ जण. मध्यम वृंद त्याच्या निम्मा. त्याहून लहान तो कनिष्ठ. आणि उत्तमापेक्षाही मोठा समूह असेल तर त्याला शार्ङ्गदेवानं नाव दिलंय ‘कोलाहल’. आज कोलाहल म्हटलं की आपल्याला गोंगाट आठवतो. तिथे मात्र तो वृंदाचा एक प्रकार आहे. दौलताबादचा, म्हणजे त्याच देवगिरीचा, किल्ला चढताना मला दर वेळी त्या ३२ जणांची आठवण होते. कोण कुठे बसत असेल, मृदंगवाले मागे की बाजूला?

तेव्हा ‘वाद्यवृंद’ हा जोडशब्द जरी आधुनिक वळणाचा असला, तरी त्यातला ‘वृंद’ उसना नाही.

४. मग मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की सिनेमाची गाणी का आठवतात?

कारण गणेशोत्सवाच्या मांडवात आणि गावच्या जत्रेत आपण ‘ऑर्केस्ट्रा’ पाहिला तो तसाच: दोन-चार गायक, निवेदक, सिंथेसायझर, ऑक्टोपॅड, ढोलक, कोंगो, मधेच एखादा नकलाकार. ‘रात्री ऑर्केस्ट्रा आहे’ याचा अर्थ मराठीत ‘रात्री गाण्यांचा कार्यक्रम आहे’ असाच होतो. शब्दाचा अर्थ गटाकडून कार्यक्रमाकडे सरकला. हा अर्थ चुकीचा मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. मूळ ग्रीकमध्ये तरी हा शब्द वादकांचा कुठे होता? नाट्यगृहात प्रेक्षकांच्या पुढ्यात जी गोल जागा असे, जिथे समूह नाचे, ती ‘ऑर्केस्ट्रा’. युरोपात पुढे तो शब्द रंगमंचापुढे बसणाऱ्या वादकांना लागला. आपल्याकडे तो आणखी एक पाऊल चालला.

मुंबईत याची आणखी एक शाखा आहे: ऑर्केस्ट्रा बार. तिथे हा शब्द परवान्यावर असतो आणि त्याला आकडाही आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं मंचावर ४ स्त्रिया आणि ४ पुरुष अशी सक्ती रद्द केली. एकूण ८ कलाकारांची मर्यादा मात्र ठेवली. त्या आठांत स्त्रिया किती नि पुरुष किती, हे आता परवाना ठरवत नाही.

पाश्चात्त्य अभिजात संगीताबद्दल लिहायचं असेल तर गोंधळ टाळण्यासाठी ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा’ असं पूर्ण लिहावं.

५. सिंफनी ऑर्केस्ट्रा, फिलहार्मोनिक, चेंबर ऑर्केस्ट्रा: मोठा कोणता?

पहिल्या दोघांत मोठा-लहान काही नाही. सिंफनी म्हणजे एकत्र नाद. फिलहार्मोनिक म्हणजे सुसंवादाची, पर्यायानं संगीताची, आवड असलेला. हा फरक नावातला आहे, रचनेतला नाही. एकाच शहरात दोन वाद्यवृंद झाले की ओळखू यावेत म्हणूनही तो उपयोगी पडतो. लंडनमध्ये १९०४चा लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे आणि १९३२चा लंडन फिलहार्मोनिकही आहे. दोन्ही पूर्ण आकाराचे, म्हणजे साधारण ८० ते १०० वादकांचे.

चेंबर ऑर्केस्ट्रा मात्र खरंच लहान असतो, बहुधा चाळिशीच्या आत. चेंबर म्हणजे दालन. दालनात मावेल एवढा. त्याहून लहान गटांची नावं माणसं मोजून पडतात: तिघांचा ट्रायो, चौघांचा क्वार्टेट. अनुवादक इथे ‘चौकडी’ लिहून मोकळे होतात. कृपया लिहू नका, मराठीत चौकडी कारस्थानं करते. ‘तंतुवाद्यांचा क्वार्टेट’ हे वाचकाला नीट कळतं.

आपल्याकडचा दुवा मुंबईचा. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता पुढे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक झाले. २००६ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला.

६. समोर उभं राहून हात हलवणाऱ्या ‘कंडक्टर’ला मराठीत काय म्हणावं?

‘कंडक्टर’ म्हटलं की एसटीची घंटी वाजते, त्यामुळे मथळ्यात तो शब्द पंचाईत करतो. ‘वाद्यवृंद संचालक’ किंवा नुसतं ‘वृंदसंचालक’ हे रुळलेले शब्द आहेत. ‘संगीत संयोजक’ वापरू नका, तो वेगळा माणूस. कोणतं वाद्य कुठे काय वाजवेल हे कागदावर उतरवणारा, म्हणजे अरेंजर, तो संयोजक. एकच व्यक्ती दोन्ही कामं करत असेल तर दोन्ही शब्द लिहा. ढोल पथकात असा समोर उभा राहणारा कोणी लागत नाही, त्याचं कारण प्रश्न ८ मध्ये.

७. जुन्या हिंदी गाण्यांमागे पन्नास-पन्नास व्हायोलिनं ऐकू येतात. त्या गटाचं नाव काय?

बहुतेक वेळा काहीच नाही. तो गट सकाळी स्टुडिओत जमायचा, गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं आणि संध्याकाळी पांगायचा. दुसऱ्या दिवशी तेच वादक दुसऱ्या संगीतकाराकडे. तबकडीवर नाव यायचं संगीतकाराचं आणि गायकाचं. त्यातले कितीतरी वादक गोव्याचे होते. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये लहानपणी स्वरलिपी वाचायला शिकलेले, म्हणून समोर कागद ठेवला की वाजवायला तयार. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी संयोजन केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गोन्साल्विस यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा कार्यक्रम केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. त्यांच्या त्या गटाला मात्र नाव होतं: इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा.

अशा निनावी गटाबद्दल लिहिताना ‘वादक’ किंवा त्यांच्याच बोलीतला ‘म्युझिशियन’ हा शब्द घ्यावा. ‘साजिंदे’ म्हणजे मैफलीत किंवा लावणीच्या बैठकीत साथीला बसणारे. इथे तो शोभत नाही.

८. ढोल-ताशाला ‘पथक’च का म्हणतात? वाद्यवृंद का नाही?

पथक हा फौजेचा शब्द. मराठेशाहीत घोडेस्वारांची पथकं असत. आजही अग्निशामक पथक, भरारी पथक म्हणतो. ठरलेला पोशाख, ठरलेल्या रांगा, पुढे ध्वज आणि सगळ्यांनी मिळून पुढे सरकायचं, हे सगळं त्या शब्दात आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या मुलांनी गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल घेतले आणि शिस्तीचं वळण लागलं, त्याला हा शब्द अगदी बसला.

वाद्यवृंद बसतो, पथक चालतं. कमरेला आवळलेला ढोल एका बाजूला टिपरूनं आणि दुसऱ्या बाजूला हातानं वाजवत पाच-सहा तास पुढे सरकायचं, हे मी तीन वर्षं केलं आहे. पहिल्या आठवड्यात बोटं फुटतात, मग घट्टे पडतात. संचालक समोर उभा राहू शकत नाही, कारण समोर रस्ता आहे. म्हणून इशारा ताशाचा. ताशेवाला हात बदलतो, ठेका उचलतो, तोडतो; ढोलवाल्यांचा कान त्याच्याकडे. शंभर ढोलांच्या दणदणाटात ताशाचा कडक, पातळ आवाजच वर राहतो, म्हणून पुढारपण त्याचं. जे पथकात असतात ते ‘वाजवायला जातो’ असं कधी म्हणत नाहीत, ‘पथकाला जातो’ म्हणतात. सराव सुरू होण्याआधी वाद्यपूजन होतं, मग पुढचे दोन महिने नदीकाठ आणि पुलांखालच्या जागा संध्याकाळी घुमत राहतात.

‘नाशिक ढोल’ हे वेगळ्या वादनपद्धतीचं नाव आहे, गटाचं नव्हे. गटाला तिथेही पथकच म्हणायचं. ते नाव आता केरळच्या उत्सवांतही ऐकू येतं.

९. पथकात किती वादक असावेत याचा काही कायदा आहे का?

२०२४च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय हरित लवादानं ध्वनिप्रदूषणाच्या कारणावरून पुण्यातल्या मिरवणुकीत प्रत्येक पथकाला ३० जणांची मर्यादा घातली होती. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्या मर्यादेला स्थगिती दिली. आवाजाच्या पातळीचे सर्वसाधारण नियम वेगळे आहेत आणि ते पथकांनाही लागू होतात. शब्दाच्या दृष्टीनं उत्तर सोपं: ३० असोत की ३००, पथक ते पथकच.

१०. बँड, बँडबाजा, बेंजो पार्टी: हे सगळं एकच?

नाही. ‘बँड’ म्हणजे मुख्यतः फुंकून वाजवायची पितळी वाद्यं: ट्रंपेट, युफोनियम, सोबत क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि साइड ड्रम. लग्नाची वरात, पोलीस बँड, लष्करी बँड याच घरातले. ‘बँडबाजा’त थोडी सलगी आहे. छापील पत्रिकेत ‘बँड’ पुरे.

‘बेंजो’ म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, कळा दाबून तारा छेडायचं वाद्य, त्याला वीज जोडलेली. त्याच्यामागे ढोल, ताशे, ऑक्टोपॅड आले की झाली मुंबईची बेंजो पार्टी. ‘पार्टी’ हा शब्द कव्वाली पार्टी, तमाशा पार्टी यांतही आहे. तिथे तो सुपारी घेऊन कार्यक्रम करणारा गट सांगतो. तरुण मुलं गिटार-ड्रम घेऊन जो ‘बँड’ काढतात तो तिसराच. तो स्वतःची गाणी करतो, म्हणून वाचणाऱ्याला संदर्भातून कळू द्यावं.

११. ताफा हा शब्द वादकांसाठी चालेल का? आता तर मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा म्हणतात.

चालेल, तो मूळचा त्यांचाच. अरबी ‘ताइफा’, म्हणजे समूह, यावरून आलेला हा शब्द मराठीत आधी नाचगाणं करणाऱ्यांच्या आणि वाजंत्र्यांच्या गटाला होता. ‘वाजंत्र्यांचा ताफा’ अजूनही कानाला गोड लागतं. गाड्यांकडे तो नंतर गेला. तमाशाचा गट मात्र ‘फड’ आणि नाटकाचा ‘संच’.

१२. लग्नपत्रिकेत ‘वाजंत्री’ लिहावं का? काही जणांना तो शब्द कमीपणाचा वाटतो.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर.

वाजंत्री म्हणजे वाद्य वाजवणारा. शब्दात मुळात काही वाईट नाही. पण गुरव, घडशी, होलार, मातंग अशा समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या लग्नाकार्यात, देवळात वाजवलं आणि त्यांना मांडवाबाहेर बसवून, पंगत उठल्यावर जेवायला वाढलं गेलं. त्या वागणुकीची सावली शब्दावर पडली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते सोसलं, त्यांना तो खुपणारच. तेच वाद्य शहरातल्या मुलानं हौसेनं घेतलं की तो ‘वादक’ आणि ‘पथकाचा सदस्य’; ज्याच्या घरात ते सात पिढ्या आहे, तो नुसता ‘वाजंत्री’. हे मला पटत नाही.

म्हणून माझा सल्ला: पत्रिकेत ‘सनई-चौघडा’ लिहा आणि शक्य तिथे सनईवादकाचं नाव द्या. गाणाऱ्याचं नाव छापता ना, मग त्याचंही छापा. कथा-कादंबरीत, जुन्या काळाच्या वर्णनात ‘वाजंत्री’ जरूर यावा. समोरच्या माणसाला उद्देशून मात्र ‘अहो वाजंत्री’ नको, नावानं बोलवावं.

चौघडा आणि नगारखाना यांतही गल्लत होते. चौघडा वाजतो, नगारखाना ही तो वाजवण्याची जागा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर आहे, रायगडावर आहे. ‘नगारखाना आला’ असं होत नाही.

१३. आमच्याकडे कोल्हापूरला हलगी, कोकणात खालू बाजा. त्या गटांना वेगळा शब्द?

कोल्हापूरकडे वाद्यांची नावं जोडूनच गट सांगतात: हलगी-घुमकं-कैताळ. कुस्तीच्या मैदानात ‘हलगीवाले आले’ म्हटलं की तिन्ही वाद्यं आली. कोकणात शिमग्याला नि लग्नाला वाजणारा ‘खालू बाजा’ हे वाजवण्याचं आणि वाजवणाऱ्यांचंही नाव आहे: सनई, ढोल, टिमकी, झांज. गोव्यात घुमट, शामेळ आणि कांसाळें मिळून जे वाजतं ते सुंवारी वादन. या कशालाही ‘लोकवाद्यवृंद’ असं सरकारी लेबल लावू नका. गावचं नाव आहे ना, तेच लिहा.

१४. वारीतली दिंडी हा वादकांचा गट आहे का?

नाही. दिंडीत टाळकरी, पखवाजी, वीणेकरी असतात, पण दिंडी ही चालणाऱ्यांची आहे. तुळस डोक्यावर घेतलेली माउली काहीच वाजवत नाही, तरी ती दिंडीतलीच. फक्त टाळ-मृदंगाबद्दल बोलायचं असेल तर ‘दिंडीतले टाळकरी’ म्हणा. गावात देवळात बसून गाणारे-वाजवणारे ते भजनी मंडळ.

१५. मेळा आणि केरळचं मेळम एकच का? आणि पंचवाद्यम म्हणजे पाच जण?

मराठीत मेळा म्हणजे गणेशोत्सवात पदं गात-वाजवत फिरणारा गट. लोकमान्यांच्या काळात मेळ्यांची फार धूम होती. केरळमध्ये मेळम म्हणजे देवळाच्या उत्सवातलं चेंडा या ढोलाचं आणि झांजांचं समूहवादन, त्यात त्रिशूर पूरमला शेकड्यांनी वादक उभे राहतात. तिथे मेळम वादनाला म्हणतात, आपल्याकडे मेळा माणसांना. पंचवाद्यममधले पाच म्हणजे वाद्यांचे प्रकार: तिमिला, मद्दलम, इडक्का, इलत्ताळम, कोंबू. माणसं पन्नास-साठ असू शकतात. क्वार्टेटमध्ये माणसं मोजतात (प्रश्न ५), इथे वाद्यं.

१६. गायक, तबला, पेटी आणि दोन तानपुरे: पाच जण झाले. हा वाद्यवृंद?

नाही, ही साथसंगत. एक मुख्य, बाकीचे त्याच्या मागे. दोन मुख्य वादक समोरासमोर असतील तर जुगलबंदी. जावा-बाली बेटांवरचा गॅमेलन मात्र आपल्या सगळ्या खणांच्या बाहेर राहतो. तिथे गॅमेलन हे आधी वाद्यांच्या संचाचं नाव आहे. तो संच एकत्र घडवतात, एकत्र सुरात लावतात, आणि त्यातलं एक वाद्य दुसऱ्या संचात नेऊन बसत नाही. वादक बदलतात, गॅमेलन तोच राहतो.

१७. पथक वाजवतं की वाजवतात? लिंग कोणतं?

पथक नपुंसकलिंगी, एकवचनी: ‘पथक वाजवत होतं’. वाद्यवृंद, ऑर्केस्ट्रा, बँड, ताफा, फड पुल्लिंगी. पार्टी, दिंडी स्त्रीलिंगी. ‘दोन वाद्यवृंद’, ‘दोन बँड’ यांत रूप बदलत नाही, ‘दोन पथकं’, ‘दोन ताफे’ यांत बदलतं. वाजंत्री एक असो की दहा, शब्द तोच, क्रियापद सांगतं.

१८. आम्ही परदेशात पथक काढलंय. तिथल्या आयोजकांना काय सांगावं? बँड?

‘बँड’ सांगितलंत की ते मंच, खुर्च्या, माइक आणि विजेची जोडणी तयार ठेवतील, आणि तुम्हाला हवा असतो मोकळा रस्ता. ‘ढोल-ताशा पथक’ हेच नाव द्या, खाली एका ओळीत लिहा: एवढे ढोल, एवढे ताशे, चालत वाजवणार, वीज नको. जपानी लोकांनी आपल्या ढोलाचा ‘ताइको’ हा शब्द कुठेच बदलला नाही, आता तो जगाला ठाऊक आहे.

१९. डीजे किंवा डॉल्बी यांना यातला कोणता शब्द?

कोणताच नाही. तिथे एकत्र वाजवणारं कोणी नसतं.